यंत्र, हात आणि वायू : उष्णता-शीतन व्यवसायातील प्रमाणपत्रांचा इतिहास

१

एखादे काम करण्याची अधिकृत मोकळीक दर्शविणारे चार शब्द मराठीत रूढ आहेत : सनद, परवाना, दाखला आणि प्रमाणपत्र. पहिले तीन फारसी-अरबीच्या वाटेने राज्यकारभाराच्या भाषेतून आले. चौथा संस्कृत घटकांपासून घडविलेला आहे. व्यवहारात या शब्दांनी आपापली क्षेत्रे वाटून घेतलेली दिसतात. वकिलाला सनद मिळते, बंदूक बाळगणाऱ्यास परवाना लागतो, शाळा सोडणाऱ्या मुलाला दाखला देतात आणि परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास प्रमाणपत्र देतात. सनद या शब्दाच्या मुळाशी आधाराची कल्पना आहे, तर परवान्याच्या मुळाशी लेखी हुकमाची. प्रमाण हा शब्द मात्र निराळ्या कुळातला. न्यायशास्त्रात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. तेव्हा परवाना सांगतो की, या माणसाला हे काम करू द्यावे. प्रमाणपत्र सांगते की, या माणसाला हे काम येते. पहिले विधान सत्तेचे आहे, दुसरे ज्ञानाचे.

हा भेद केवळ कोशकारांच्या उपयोगाचा आहे असे नाही. बॉयलर चालविणारे, गॅसच्या शेगड्या व तापकयंत्रे जोडणारे आणि शीतकपाटे व वातानुकूलनयंत्रे दुरुस्त करणारे कारागीर यांच्यावर गेल्या पावणेदोनशे वर्षांत जी कायदेशीर बंधने आली, त्यांचा इतिहास या दोन विधानांतील ओढाताणीचा इतिहास आहे. कारागिराच्या हातातील कागद कोणती गोष्ट सिद्ध करतो : त्याला काम येते ही, की त्याला काम करू दिले आहे ही? आणि ज्याला काम येते पण ज्याच्याजवळ कागद नाही, त्याचे काय? या प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली. ती का बदलली, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२

आरंभ वाफेपासून केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील नद्यांवर आगबोटींची वाहतूक झपाट्याने वाढली आणि तिच्याबरोबर बॉयलर फुटण्याचे अपघातही वाढले. या स्फोटांची कारणे शोधण्यासाठी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन संस्थेने १८३० नंतरच्या दशकात सरकारी पैशाच्या साहाय्याने प्रयोग केले. एप्रिल १८३८ मध्ये सिनसिनाटीजवळ 'मोझेल' नावाच्या बोटीचे बॉयलर फुटून मोठी प्राणहानी झाली आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये अमेरिकन काँग्रेसने आगबोटींविषयीचा पहिला कायदा संमत केला. या कायद्याने बोटीचे सांगाडे व बॉयलर तपासण्याची व्यवस्था केली. यंत्र चालविणाऱ्यांविषयी मात्र त्याने एवढेच म्हटले की, मालकाने अनुभवी व कुशल माणसे पुरेशा संख्येने नेमावीत. कुशल कोणास म्हणावे, हे ठरविण्याचे काम मालकाकडेच राहिले.

स्फोट थांबले नाहीत. चौदा वर्षांनी, १८५२ मध्ये, दुसरा कायदा आला. त्याने उतारूंच्या आगबोटींवरील अभियंते आणि सुकाणूधर यांची परीक्षा घेऊन त्यांना परवाना देण्याचे काम सरकारी निरीक्षकांकडे सोपविले आणि त्यांच्या वर नऊ पर्यवेक्षक निरीक्षक नेमले. १८३८ च्या कायद्याने यंत्राला विचारले होते की, तू ठीक आहेस काय? १८५२ च्या कायद्याने माणसाला विचारले की, तुला हे येते काय? पुढच्या सर्व परवानापद्धतींचे बीज या दुसऱ्या प्रश्नात आहे. कौशल्याचा निर्णय मालकाच्या हातून निघून त्रयस्थाच्या हाती गेला, ही त्यातील महत्त्वाची घटना होय.

तथापि कुशल माणूस मिळाला म्हणजे भागते, असेही नाही. २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉकटन येथे ग्रोव्हर यांच्या जोड्यांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसे मृत्यू पावली. त्या दिवशी एक जुने, राखीव बॉयलर वापरात होते आणि त्याच्या पत्र्यांच्या सांध्यातील दोष बाहेरून दिसण्याजोगा नव्हता. असा दोष केवळ दक्षतेने हेरणे चालकाच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून १९०७ मध्ये त्या राज्याने बॉयलरच्या बांधणीचेच नियम केले, आणि पुढे अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने १९१४ च्या आवृत्तीपासून सिद्ध केलेली बॉयलरसंहिता देशभर प्रमाण मानली जाऊ लागली. यंत्र आणि हात या दोहोंपैकी एकावरच भिस्त ठेवून चालत नाही, हा या अपघाताचा धडा होता.

३

हिंदुस्थानातील क्रमही याहून फारसा वेगळा नाही. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा एक भीषण स्फोट झाला. त्याच्या परिणामी १८६४ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने कलकत्ता शहर व उपनगरे यांतील बॉयलरांच्या तपासणीचा कायदा केला. इतर प्रांतांनी त्याचे अनुकरण केले. पण प्रत्येकाने ते आपापल्या परीने केले. परिणामी विसाव्या शतकाच्या आरंभी या देशात बॉयलरविषयक सात निरनिराळे कायदे आणि नियमांचे सात निरनिराळे संच नांदत होते, व ते परस्परांशी जुळत नव्हते. एका प्रांतात चालणारे बॉयलर दुसऱ्या प्रांतात अडे. ही विसंगती दूर करण्यासाठी १९२० मध्ये बॉयलर कायदा समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींवरून १९२३ चा भारतीय बॉयलर अधिनियम संमत झाला आणि १ जानेवारी १९२४ पासून तो अंमलात आला. बॉयलर कोणती पात्रता असलेल्या माणसाच्या ताब्यात असावे, याविषयी नियम करण्याचा अधिकार त्याने प्रांतिक सरकारांना दिला. १०१ वर्षे चाललेल्या या कायद्याची जागा २०२५ च्या बॉयलर अधिनियमाने घेतली.

मुंबईच्या दृष्टीने या कायद्याचे महत्त्व उघड आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या गिरणीने १८५६ मध्ये उत्पादन सुरू केले. तेव्हापासून वाफ ही या शहराच्या उद्योगाची चालकशक्ती झाली. गिरणीच्या बॉयलरखात्यातील माणूस काचनळीतील पाण्याची पातळी, दाबमापकाचा काटा आणि भट्टीतील ज्वाळेचा रंग यांवर नजर ठेवून काम करी. पाणी काचेच्या खालच्या टोकाला गेले असता घाईने थंड पाणी आत घेणे घातक, हे ज्ञान त्याच्या प्राणाशी निगडित होते. हे ज्ञान तो पुस्तकातून घेत नसे. तो ते आपल्या उस्तादाच्या हाताखाली घेई. पुढे नियमांनी त्याला पहिल्या वा दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र दिले, आणि शासनाच्या मराठीने त्याला 'बाष्पक परिचर' म्हटले. बॉयलरखात्यात मात्र त्याचे नाव 'फायरमन' हेच राहिले.

या नामभेदाकडे थोडे लक्ष दिले पाहिजे. मराठीत कारागिराला मान देणारा जुना शब्द 'मिस्त्री'. तो पोर्तुगीज भाषेतील 'मेस्त्रे' म्हणजे गुरू किंवा धनी या शब्दावरून आला, असे सामान्यतः मानले जाते. मिस्त्रीपद सरकार देत नसे. ते बरोबरीचे कारागीर देत आणि गिऱ्हाईक मान्य करी. चुकीचे काम करणाऱ्याचे ते आपोआप ओसरे. याउलट 'परिचर' हे पद कागदाने मिळते व कागदाने जाते. कौशल्य ठरविण्याच्या या दोन पद्धती आजही शेजारी शेजारी नांदत आहेत.

कागदांचीही एक उतरंड असते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ वा नियम या बाबतीत उद्बोधक आहे. विजेच्या मांडणीचे काम करणाऱ्या ठेकेदारास त्याने अनुज्ञप्ती आवश्यक केली. कामावर देखरेख करणाऱ्यास सक्षमतेचे प्रमाणपत्र आवश्यक केले. आणि प्रत्यक्ष तारा जोडणाऱ्यास परवाना आवश्यक केला. एकाच नियमात तीन माणसे, तीन कागद आणि तीन शब्द. यातही लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, 'सक्षमता' हा ज्ञानवाचक शब्द मधल्या माणसाच्या वाट्याला आला. ज्याचा हात तारेला लागतो, त्याच्या वाट्याला केवळ अनुमतिवाचक शब्द आला. हे नियम २०१० मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये नव्या विनियमांनी बदलले गेले. परंतु या उतरंडीने घडविलेली कल्पना अद्याप रुजलेली आहे.

४

बॉयलरचा धोका कारखान्यात होता. गॅसचा धोका घराघरांत शिरला. १६ मे १९६८ रोजी पहाटे लंडनच्या पूर्व भागातील रोनन पॉइंट या बावीस मजली नव्या इमारतीत एका रहिवासी स्त्रीने चहासाठी शेगडी पेटविली. गॅस गळत असल्यामुळे स्फोट झाला, भिंतीचे पूर्वरचित फलक निखळले आणि इमारतीचा एक संपूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसे मृत्यू पावली. या अपघातानंतर १९७० मध्ये गॅस जोडणाऱ्या कारागिरांची नोंदणी करणारा संघ ब्रिटनमध्ये स्थापन झाला. आरंभी ही नोंदणी ऐच्छिक होती. १९९१ मध्ये ती सक्तीची झाली. आणि १ एप्रिल २००९ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये तिची जागा 'गॅस सेफ' या नोंदवहीने घेतली.

ऐच्छिक नोंदणीपासून सक्तीपर्यंत एकवीस वर्षे लागली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ऐच्छिक नोंदणी हे स्वरूपतः प्रमाणपत्र असते : ज्याला आपले ज्ञान सिद्ध करावयाचे आहे, तो ते सिद्ध करतो. सक्ती येताच त्याचे परवान्यात रूपांतर होते : नाव नसलेल्याने कामास हात लावणे हाच अपराध ठरतो. कागदावरील मजकूर तोच राहूनही त्याचा अर्थ बदलतो.

५

शीतनाच्या व्यवसायात हा क्रम काही काळ उलटा फिरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मेथिल क्लोराइड हे वायू वापरीत. अमोनिया व सल्फर डायऑक्साइड यांची गळती निदान नाकाला ताबडतोब समजते. मेथिल क्लोराइडचा वास सौम्य असल्यामुळे तो अधिक फसवा होता. १९२९ साली शिकागो शहरात घरगुती शीतकपाटांतून गळलेल्या मेथिल क्लोराइडने झालेल्या मृत्यूंची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झाली. त्याच सुमारास युरोपात आल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड हे हलते भाग नसलेल्या, म्हणून गळतीचा संभव कमी असलेल्या शीतकपाटाची योजना करीत होते. १९३० मध्ये त्यांना तिचे अमेरिकन एकस्व मिळाले.

व्यवसायाने मात्र निराळा मार्ग पत्करला. १९२८ मध्ये जनरल मोटर्स कंपनीचे रसायनज्ञ टॉमस मिजली आणि त्यांचे सहकारी यांनी क्लोरीन व फ्लुओरीनयुक्त कर्बसंयुगांचा शीतक म्हणून उपयोग शोधून काढला. एप्रिल १९३० मध्ये अमेरिकन रसायनसंस्थेच्या अटलांटा येथील अधिवेशनात मिजली यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि हळूहळू बाहेर सोडून मेणबत्ती विझविली. वायू विषारी नाही आणि ज्वालाग्राहीही नाही, ही दोन विधाने त्यांनी एका श्वासात सिद्ध केली. 'फ्रिऑन' या व्यापारी नावाने हा वायू जगभर गेला.

या शोधाचा कारागिराच्या दर्जावर झालेला परिणाम सहसा कोणी लक्षात घेत नाही. वायू निरुपद्रवी ठरल्यामुळे त्याला हात लावणाऱ्याची परीक्षा घेण्याचे कारणच उरले नाही. बॉयलरवाल्याची चूक स्फोटाने प्रकट होई. शीतयंत्रवाल्याची चूक फार तर यंत्र थंड न झाल्याने प्रकट होई. अमोनियाच्या मोठ्या यंत्रांसाठी सुरक्षेचे नियम होते. न्यूयॉर्क शहरात मोठी शीतयंत्रे चालविणाऱ्यांची पात्रता अग्निशमन विभाग तपासतो, हे त्याच परंपरेचे चिन्ह होय. परंतु घरगुती आणि दुकानी यंत्रांच्या दुरुस्तीत शिक्षणाचा भार व्यवसायानेच स्वतःवर घेतला. १९३३ मध्ये अमेरिकेत शीतयंत्र-दुरुस्तीकारांचा संघ स्थापन झाला आणि परस्परशिक्षण हे त्याने आपले कार्य मानले. राज्याराज्यांचे परवाने पुढे आले तेही विस्कळीतपणे. टेक्सासने १९८३ मध्ये वातानुकूलन-ठेकेदारांना परवाना सक्तीचा केला. न्यूयॉर्कसारख्या मोठ्या राज्याने असा राज्यव्यापी परवाना केला नाही. शिवाय हे परवाने बहुधा ठेकेदाराचे, म्हणजे व्यापारी जबाबदारी घेणाऱ्याचे होते. पाना हाती घेणाऱ्याचे नव्हते.

६

१९७४ च्या जूनमध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या कॅलिफोर्नियातील रसायनज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, ही संयुगे खालच्या वातावरणात विघटित होत नाहीत. ती स्थितांबरात पोचतात, तेथे अतिनील किरणांनी त्यांतील क्लोरीन सुटा होतो आणि तो ओझोनचा नाश करतो. ज्या स्थिरपणामुळे हा वायू खोलीत निर्धोक ठरला होता, तोच स्थिरपणा त्याला आकाशात घातक करीत होता. मे १९८५ मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन यांनी अंटार्क्टिकावरील ओझोनच्या मोठ्या घटीची निरीक्षणे प्रसिद्ध केली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिऑल करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९८९ पासून तो अंमलात आला.

आता कायद्यापुढे एक नवीच अडचण उभी राहिली. कारखान्यात वायूचे उत्पादन थांबविणे सोपे होते, कारण कारखाने मोजके होते. परंतु जो वायू पूर्वीच लक्षावधी यंत्रांत भरलेला होता, तो प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी हवेत सुटत असे. तोवर ती नित्याची रीत होती. नळी मोकळी करावी, वायू जाऊ द्यावा आणि नवा भरावा. यात आळस किंवा अप्रामाणिकपणा नव्हता. स्वस्त व निरुपद्रवी वस्तू जपून ठेवण्याचे कोणी शिकविले नव्हते. सवय बदलावयाची होती आणि ती बदलणारी माणसे असंख्य दुकानांत व घरांच्या गच्च्यांवर विखुरलेली होती. प्रत्येकामागे निरीक्षक ठेवणे अशक्य होते.

अमेरिकेच्या शुद्ध हवा अधिनियमात १५ नोव्हेंबर १९९० रोजी झालेल्या दुरुस्तीने या अडचणीवर उपाय योजला. त्यातील ६०८ व्या कलमाने १ जुलै १९९२ पासून असा वायू जाणूनबुजून हवेत सोडणे हा अपराध ठरविला. त्यानंतर १४ मे १९९३ रोजी पर्यावरणसंरक्षण संस्थेने नियम प्रसिद्ध केले आणि १४ नोव्हेंबर १९९४ पासून अशा यंत्रांचे वायुमंडल उघडणाऱ्या प्रत्येक कारागिरास प्रमाणपत्र आवश्यक झाले. त्याच दिवसापासून वायूची विक्रीही प्रमाणपत्रधारकांपुरती मर्यादित झाली. या योजनेचे मर्म या दुसऱ्या तरतुदीत आहे. प्रत्येक गच्चीवर निरीक्षक पाठविण्याऐवजी कायद्याने वायूच्या टाकीला कुलूप घातले आणि त्याची किल्ली परीक्षेच्या कागदाला जोडली.

परीक्षेची रचना सुटसुटीत आहे. पहिला प्रकार पाच पौंडांपर्यंत वायू असलेल्या, कारखान्यातच बंद केलेल्या लहान यंत्रांचा. दुसरा अधिक दाबाच्या यंत्रांचा. तिसरा कमी दाबाच्या यंत्रांचा. आणि सर्व भाग उत्तीर्ण होणाऱ्यास सार्वत्रिक प्रमाणपत्र. प्रत्येक भागात पंचवीस प्रश्न असतात आणि पर्यवेक्षणाखालील परीक्षेत शेकडा सत्तर गुण मिळाले म्हणजे उमेदवार उत्तीर्ण होतो. एकदा मिळालेले प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही. २०१६ मध्ये केलेल्या नियमांनी ही व्यवस्था ओझोनला अपाय न करणाऱ्या, परंतु पृथ्वीचे तापमान वाढविणाऱ्या हायड्रोफ्लुओरोकार्बन वायूंनाही लागू केली आणि १ जानेवारी २०१८ पासून त्यांच्या विक्रीवरही तेच बंधन आले.

परीक्षेच्या सामान्य भागात ओझोनविषयक विज्ञान, कायदा आणि सुरक्षा यांबरोबर तीन क्रियापदांतील भेद विचारला जातो : रिकव्हर, रिसायकल आणि रिक्लेम. यंत्रातील वायू टाकीत काढून घेणे हे पहिले. त्यातील तेल व ओलावा गाळून तो पुन्हा वापरण्याजोगा करणे हे दुसरे. आणि नव्या वायूच्या शुद्धतेस पोचवून त्याची रासायनिक तपासणी करणे हे तिसरे. व्यवहारात जवळपास समानार्थी असलेल्या तीन शब्दांना कायद्याने तीन काटेकोर अर्थ दिले आणि ते अर्थ जाणणे ही कारागिराच्या अधिकृततेची अट केली.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. ही परीक्षा कारागिराला यंत्र दुरुस्त करता येते की नाही, हे पाहत नाही. तांब्याच्या नळीला नीट डाख देता येतो काय, विद्युतमंडलातील दोष शोधता येतो काय, हे प्रश्न तिच्या कक्षेबाहेर आहेत. ती पाहते ते एवढेच की, वायूचा दूरवर होणारा परिणाम आणि त्याविषयीचा कायदा त्याला ठाऊक आहे काय. हस्तकौशल्याच्या परीक्षेची उणीव भरून काढण्यासाठी व्यवसायाने ऐच्छिक प्रमाणपत्रे काढली. १९९७ मध्ये त्यासाठी उत्तर अमेरिकेत एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. परिणामी एकाच कारागिराजवळ केंद्रीय कायद्याचे प्रमाणपत्र, राज्याचा परवाना आणि व्यवसायाचे मानपत्र असे तीन कागद असू शकतात आणि त्यांपैकी एकही उरलेल्या दोहोंचे काम करीत नाही.

या विभागणीला कारण आहे. बॉयलरचालकाला धोका दिसत होता; त्याचा प्राण आणि त्याचे कर्तव्य एकाच दिशेने ओढत होते. शीतयंत्राच्या कारागिराला ओझोनचा नाश दिसत नाही, ऐकू येत नाही आणि आपल्या एका कृतीशी जोडताही येत नाही. जे अनुभवाने कधीच समजणार नाही, ते शब्दाने शिकवावे लागते आणि शब्दानेच तपासावे लागते. लेखी परीक्षेचे समर्थन येथे आहे. तिची मर्यादाही येथेच आहे.

७

भारत १९ जून १९९२ रोजी माँट्रिऑल कराराचा पक्षकार झाला. २००० मध्ये ओझोननाशक पदार्थांविषयीचे नियम झाले आणि १ ऑगस्ट २००८ पासून, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी, क्लोरोफ्लुओरोकार्बन वायूंचे शीतकांसाठी होणारे उत्पादन देशाने थांबविले. उत्पादनाच्या बाजूने हे यश निर्विवाद आहे. दुरुस्तीच्या बाजूची परिस्थिती अधिक गुंतागुंतीची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शीतन व वातानुकूलन या व्यवसायाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. परंतु दुकानात उमेदवारी करून शिकलेल्यांचा वर्गही मोठा आहे आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांत मागणी वाढते तेव्हा त्याच्यावाचून व्यवसाय चालत नाही. मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारत शीतन कृती आराखड्याने २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे व प्रमाणनाचे उद्दिष्ट मांडले. सक्तीचा परवाना हा मार्ग न धरता त्याने ज्ञानाच्या मान्यतेचा मार्ग धरला. पूर्वी मिळविलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्यास मान्यता देण्याची पद्धतीही या देशात सुरू झाली आहे. ती नीट चालली, तर मिस्त्री आणि परिचर या दोन परंपरांतील अंतर कमी होऊ शकेल.

येथे भाषेचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. मराठीत 'गॅस काढणे' हा प्रयोग दोन अर्थांनी होऊ शकतो : नळी मोकळी करून वायू हवेत जाऊ देणे, आणि यंत्राच्या साहाय्याने तो टाकीत ओढून घेणे. ज्या दोन कृतींपैकी एक अपराध आणि दुसरी कर्तव्य, त्या दोहोंना मिळून क्रियापद एकच. 'सोडणे' आणि 'काढून घेणे' असा भेद आपल्या भाषेत सहज करता येतो. तो प्रशिक्षणाच्या पुस्तकांनी व परीक्षांनी जाणीवपूर्वक रूढ केला पाहिजे. कारागिराला न समजणाऱ्या भाषेत दिलेले प्रमाणपत्र हे प्रमाणाचे काम करीत नाही. ते केवळ परवाना राहते. अमेरिकेत ही परीक्षा इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही देण्याची सोय झाली, ती याच जाणिवेने असली पाहिजे.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये किगाली येथे झालेल्या दुरुस्तीने हायड्रोफ्लुओरोकार्बन वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटविण्याचे ठरले आणि २०२१ मध्ये भारताने तिला अनुसमर्थन दिले. त्यांच्या जागी येणाऱ्या वायूंपैकी काही ज्वालाग्राही आहेत. घरगुती शीतकपाटांत आयसोब्यूटेन वापरला जातो. मुंबईच्या गोदरेज कंपनीने २०१२ मध्ये प्रोपेन वापरणारी वातानुकूलनयंत्रे बाजारात आणली. हे वायू आकाशाला अपाय करीत नाहीत. परंतु गळतीच्या जागी ठिणगी पडली तर ते पेट घेतात. १९३० मध्ये खोलीतून बाहेर घालविलेला धोका पुन्हा खोलीत आला आहे. आकाशाच्या रक्षणासाठी लेखी परीक्षा पुरेशी होती. खोलीच्या रक्षणासाठी डाख देण्यापूर्वी नळीत नायट्रोजन फिरविणारा, खिडकी उघडणारा आणि गळती तपासणारा हात हवा. तो हात पंचवीस प्रश्नांच्या उत्तरपत्रिकेत दिसत नाही.

सारांश, या इतिहासात कायद्याने तीन गोष्टींना क्रमाने प्रश्न विचारले : आधी यंत्राला, मग हाताला, आणि शेवटी वायूला. प्रत्येक नवा प्रश्न आधीच्या प्रश्नाला काहीसा विसरून विचारला गेला, आणि प्रत्येक वेळी त्या विस्मरणाची किंमत कोणाला तरी द्यावी लागली. ब्रॉकटनमध्ये यंत्राचा प्रश्न विसरला गेला होता. फ्रिऑनच्या काळात हाताचा प्रश्न विसरला गेला. यापुढील प्रमाणपत्राने तिन्ही प्रश्न एकत्र विचारणे आवश्यक आहे, आणि ते ज्याला काम येते पण ज्याच्याजवळ कागद नाही, अशा कारागिराला त्याच्या भाषेत विचारले पाहिजेत. त्याला व्यवसायाबाहेर घालविल्याने काम थांबत नाही. ते केवळ कायद्याच्या नजरेआड होते. परवाना माणसाला दाराबाहेर ठेवू शकतो. त्याला दारातून आत घेऊन शिकविण्याचे काम प्रमाणपत्राचे आहे, आणि त्या शब्दाच्या मूळ अर्थाशी तेच सुसंगत आहे.